हात तुझा होता

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनद आणि बेला मंडळांत कापूस फुटला की गावोगाव टेम्पो फिरू लागतात. व्यापारी दारात येतो, काटा टांगतो, रोख पैसे मोजतो आणि माल घेऊन जातो. याला खेडा खरेदी म्हणतात. शेतकरी सरळ आदिलाबादच्या मार्केट यार्डात का जात नाही, असं बाहेरचा माणूस विचारतो. यार्डात भारतीय कापूस निगम हमीभावानं घेतं खरं. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याचा भाव क्विंटलला 7,521 रुपये होता. पण तिथं ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात. आकडा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, 12 च्या वर गेला की गाडी परत. दवात वेचलेला कापूस तिथपर्यंत नेऊन परत आणायचा म्हणजे भाडं दुप्पट. ज्याची जमीन मक्त्यानं घेतलेली आहे त्याच्याकडे तिथं दाखवायला स्वतःच्या नावाचं पट्टा पासबुक नसतं. शिवाय फवारणीच्या औषधाची उधारी डोक्यावर बसलेली असते. मग भाव पडता मिळाला तरी दारात उभा राहिलेला टेम्पो बरा वाटतो. माणूस अडलेला असतो, आणि अडलेल्या माणसाला काटा मारणं सोपं जातं.

ही गोष्ट अशाच एका व्यापाऱ्याच्या मापाड्याची आहे. त्याला मी नाव देत नाही आणि त्याच्या गावालाही नाही. नाव दिलं की वाचक तो कोण हे शोधत बसतो आणि गोष्ट त्याच्यावर सोडून मोकळा होतो.

मापाडी चाळिशीतला, पैनगंगेकाठचा. 1956 साली भाषावार प्रांत झाले तेव्हा शेजारचे किनवट आणि राजुरा महाराष्ट्राकडच्या बाजूला गेले, ही गावं मात्र तेलुगू मुलखाकडेच राहिली. म्हणून त्याच्या मंडळीची रविवारची भक्ती तेलुगूत चाले आणि घरी झोपण्याआधीची प्रार्थना मराठीत. घर आजोबांपासून ख्रिस्ती. तो दारूला शिवत नसे. दशांश चुकवत नसे. रविवारी दानाची थैली तोच फिरवायचा. हे सगळं दिखाऊ होतं असं कुणी म्हणेल, तर ते खोटं ठरेल. तो खरोखरच देवाला भिऊन वागणारा माणूस होता, आणि खरोखरच चोर होता. दोन्ही एकाच सदऱ्याच्या आत राहत होते.

त्या सदऱ्याच्या उजव्या खिशात एक रिमोट असायचा. मोटारसायकलच्या किल्लीएवढा, काळा, मधोमध एकच रबरी बटण. तीन बांबूंच्या तिकाटण्याला इलेक्ट्रॉनिक काटा टांगलेला, खाली लोखंडी हूक, हुकाला धोतरात बांधलेलं कापसाचं गाठोडं. गाठोडं डोलायचं थांबेपर्यंत लाल आकडे खालीवर होत राहतात. शेतकरी त्या आकड्यांकडे टक लावून असतो. गाठोडं स्थिर होण्याच्या त्याच क्षणी मापाड्याचा अंगठा खिशात दाबला जाई, आणि 41.200 चं गाठोडं 39.700 वर येऊन थांबे. दीड किलो. कुणाला कळत नसे. मारलेल्या कापसाचे बारा आणे व्यापाऱ्याचे, चार आणे मापाड्याचे. "सगळेच करतात, आपण नाही केलं तर आपला टेम्पो बंद पडेल," असं व्यापाऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मापाड्याला ते तेव्हाही पटलं नव्हतं. तरी त्यानं रिमोट घेतला.

कापसाचा हंगाम दसऱ्याच्या मागेपुढे सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत आटोपतो. त्याच सुमाराला लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागतो. म्हणजे टेम्पो फिरायचा थांबला की पश्चात्ताप सुरू व्हायचा. मापाडी लेंटमध्ये मनापासून उपास करी. गुड फ्रायडेला तीन तासांच्या भक्तीत त्याचे डोळे पाझरायचे. पुढच्या हंगामी रिमोटला हात लावणार नाही अशी शपथ तो दर वर्षी घेई, आणि ती मोडायची वेळ दर वर्षी ऑक्टोबरात येई. हातात माल नसताना पापाचा त्याग करणं माणसाला फार गोड वाटतं. मी अशी शपथ हलकी समजत नाही. पण तिची परीक्षा काट्यापाशी होते, चर्चच्या बाकावर होत नाही.

त्यानं उपाय थोडे केले नाहीत. एका वर्षी रिमोट लिंबाखाली पुरला. व्यापाऱ्यानं दुसरा दिला. एका वर्षी पाळकांसमोर गुडघे टेकून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणाला, पण कशासाठी ते सांगितलं नाही. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून तब्येतीसाठी प्रार्थना केली. एका वर्षी त्यानं चार आण्यांतला अर्धा हिस्सा दानाच्या थैलीत टाकायला सुरुवात केली. त्या वर्षी त्याला सर्वांत शांत झोप लागली, आणि माझ्या मते तेच त्याचं सर्वांत वाईट वर्ष होतं. चोरीतला वाटा देवाला दिला की चोरी पवित्र झाल्यासारखी वाटते. रबरी बटण अधिक मऊ लागू लागतं.

असा झगडा नवा नाही. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आपलीच व्यथा मांडली आहे: भलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, आणि नको असलेलंच हात करून बसतात. मराठी माणसाला याहून जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचं लहानपण आईवडिलांबरोबर तीर्थांमागून तीर्थं पायी करण्यात गेलं. 1874 मध्ये दुष्काळात आईवडील दोघंही गेले. पुढं कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हणून गौरवलं त्या बाईनं 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आपल्या साक्षीत त्या स्वतः सांगतात की बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्मा झाला, शास्त्र वाचलं, विधवांसाठी शाळा काढली, तरी आत काहीतरी हिशेब जुळत नव्हता. माणूस आहे तसाच, काही कमावून न आणता, स्वीकारला जातो हे त्यांना 1891 च्या सुमारास उमगलं. पुढं 1905 साली केडगावच्या मुक्तिसदनात जागृती झाली तेव्हा तिथल्या मुली रडत रडत आपली पापं मोठ्यानं बोलून दाखवू लागल्या. रमाबाईंसारख्या करारी, विद्वान बाईला जिथं इतकी वर्षं लागली, तिथं आपल्या मापाड्याला लागली यात नवल नाही. पापाचं नाव कुणापुढं घ्यायचं, एवढी एकच गोष्ट त्यानं अजून केली नव्हती.

जानेवारीतला रविवार होता. थैली बाकांवरून फिरत एका म्हातारीपर्यंत आली. तीन एकर कोरडवाहू, नवरा गेलेला, मुलगा-सून हैदराबादेकडे बांधकामावर, नातू आदिलाबादला शिकायला. आदल्याच गुरुवारी मापाड्यानं तिचा कापूस मोजला होता. तिनं पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून थैलीत टाकली. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या बोटांची पेरं फाटली होती, नखांच्या कडेला रक्त सुकलेलं होतं. मापाड्याची नजर त्या बोटांवरून आपल्या अंगठ्याकडे गेली. थैली धरलेला अंगठा तोच होता. त्याला पुढच्या बाकाकडे जाववेना. त्यानं थैली शेजारच्या पोराच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी तो म्हातारीच्या दारात गेला. ती ओसरीवर सुपात तूर पाखडत होती.

"माय, एक सांगाचं हाय."

"बस. बोल."

तो उभ्या उभ्याच बोलला. रिमोट, दीड किलो, चार आणे, किती वर्षं, सगळं. बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. सुपाचा आवाज थांबला नव्हता. त्याचं सांगून संपलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"मले माहीत हाय," म्हातारी म्हणाली.

तिनं आढ्याकडे बोट दाखवलं. तिथं जुना लाकडी दांड्याचा तराजू टांगलेला होता, खाली कोपऱ्यात 20 किलोचं लोखंडी वजन. नवऱ्याच्या वेळचं. टेम्पो यायच्या आदल्या रात्री घरातला सगळा कापूस त्या तराजूवर मोजला जायचा. नातू वहीत मांडून ठेवायचा.

"किती सालापासून माहीत हाय?"

"चार साल. पह्यल्या साली तुले लय शिव्या देल्ल्या. दुसऱ्या साली देवाले म्हटलं, याचा हात झडू दे. तिसऱ्या साली तेच मांगाले बसली तर तोंडातून शब्द निघेना. तू थैली घेऊन फिरत होता. तुयं तोंड पाहून मले वाटलं, माह्यापेक्षा हाच जास्त लुटला गेला हाय. त्याच दिवशी माफ केलं."

"मंग कोणाले सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? आपल्या गावात दुसरा टेम्पो येते का? ते माही भीती होती. त्याले माफी नोको समजू."

मापाडी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. ज्या दारात येण्याची त्याला वर्षानुवर्षं धास्ती होती, त्या दारात त्याची माफी कधीचीच तयार होती. तो लेंटमागून लेंट उपास करत होता आणि इकडे एक म्हातारी त्याच्या नावानं मोकळी होऊन बसली होती. रडून झाल्यावर त्यानं तोंड पुसलं, तिच्या पायाला हात लावला आणि जायला उठला.

"कुठी चालला? बस."

ती आत गेली आणि नातवाची वही घेऊन आली. चार वर्षांच्या पानांवर दोन रकाने होते: घरचं माप, टेम्पोचं माप. खाली बेरीज मांडलेली. 211 किलो. त्या त्या सालच्या भावानं साडेतेरा हजार रुपये.

"माफी माही होती, ते तुले देल्ली. हे पैसे माह्या एकटीचे नाहीत. पोराच्या फीचे हायेत."

"माय, मले तर त्यातले चार आणेच भेटले. बाकीचे मालकानं..."

"हात तुया होता."

इथं काही वाचकांना म्हातारी कठोर वाटेल. माफ केलं म्हणते आणि वहीही पुढं करते, ही कसली कृपा? मला ती वही कृपेचाच भाग वाटते. लूककृत शुभवर्तमानात यरीहोचा लुबाडणारा जकातदार जक्कय उंबराच्या झाडावर चढून बसतो, आणि येशू त्याला सांगतो की मी आज तुझ्याच घरी उतरणार. जक्कयानं तोवर एक पैसाही परत केलेला नव्हता. येशू आधी त्याच्या घरी गेला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे जक्कय त्यानंतर बोलला. आपण हा क्रम उलटा लावतो. आधी चोख होऊ, मग देवाच्या दारात जाऊ, म्हणतो; आणि चोख होणं जमत नाही म्हणून दारात जातच नाही. दुसऱ्या टोकाला काही जण दारात जातात, माफी घेतात आणि वही न पाहताच घरी परततात. पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र जेमतेम 25 ओव्यांएवढं, म्हणजे एका पानाचं आहे. फिलेमोनाकडून पळून गेलेला दास अनेसिम याला परत पाठवताना पौल त्याचं देणं नाकारत नाही. त्याच्याकडे काही येणं निघत असेल तर ते आपल्या खात्यावर घालायला सांगतो. देणं खरं असतं. कुणीतरी ते भरावंच लागतं. ख्रिस्ती माणसाचा विश्वास असा की देवाकडचं देणं वधस्तंभावर फिटलं. म्हातारीच्या नातवाची फी मात्र मापाड्यालाच भरायची होती.

"अन् एक," म्हातारीनं निघताना सांगितलं, "माही माफी माह्यापुरती. बाकीच्यायच्या दारात तुलेच जा लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यानं रिमोट व्यापाऱ्याच्या टेबलावर ठेवला. व्यापाऱ्यानं त्याला काढून टाकलं आणि आठवड्याच्या आत दुसरा पोरगा ठेवला. मापाडी यार्डात हमालीला जाऊ लागला. मोटारसायकल विकली. त्यातून म्हातारीचं फिटलं आणि आणखी चार घरांचं. एका वहीत त्यानं आपल्या काट्याखालून गेलेली घरं आठवून आठवून लिहिली. चौतीस भरली. रविवारी भक्तीनंतर, बायकोला बरोबर घेऊन, एकेका घरी.

सगळीकडे म्हातारी नव्हती. एकानं पैसे घेतले आणि त्याच रात्री चौकात सगळ्यांना सांगितलं. एकानं थोबाडीत मारली, मग पाणी दिलं. मक्त्यानं शेत करणाऱ्या एकानं नोटा दोनदा मोजल्या, खिशात घातल्या आणि एक शब्द न बोलता दार लावून घेतलं. ज्या साली काट्यावर त्याचा कापूस मारला गेला होता त्याच साली त्यानं बैल विकला होता. त्याला माफ करणं जमलं नाही, आणि जमावं अशी अपेक्षा धरायचा मापाड्याला हक्क नव्हता. मंडळीतल्या काहींनी पाळकांना सांगितलं की याच्या हातात थैली नको. मापाड्यानं ती आधीच सोडली होती.

अशा गोष्टी बहुधा इथं संपवतात. पण आयुष्य तसं संपत नाही, म्हणून पुढचं सांगायला हवं.

पुढच्या डिसेंबरात घरात पैशाची नड निघाली. दुसऱ्या मंडळातल्या एका व्यापाऱ्यानं निरोप पाठवला: आठ दिवसांचं काम, रोज चांगला. मापाडी गेला. काट्याबरोबर रिमोटही मिळाला. त्यानं तो खिशात टाकला, वापरायचा नाही असं ठरवून. पहिली दोन गाठोडी नीट मोजली. तिसऱ्याला अंगठा दाबला गेला. मग चौथ्याला आणि पाचव्याला. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी पाहतही नव्हतं. वर्षभर परतफेड करणारा, थोबाडीत खाल्लेला, देवाची कृपा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हा माणूस, आणि अंगठा जुन्या सवयीनं आपला रस्ता शोधून गेला. सहावं गाठोडं त्यानं लटकतं ठेवलं, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि निघाला.

पूर्वी तो पडला की गुड फ्रायडेपर्यंत लपून राहायचा. त्या दिवशी दिवे लागायच्या आत तो म्हातारीच्या ओसरीवर होता. माझ्या लेखी या गोष्टीतला सर्वांत मोठा बदल हाच आहे. पडणं थांबलं नव्हतं; लपणं थांबलं होतं.

"माय, आज पुन्हा."

"किती गाठोडी?"

"तीन. एकाच घरची."

"त्यायच्या घरी गेला होता?"

"नाही. पह्यले इथंच आलो."

"इथं कायले आला? कापूस माहा होता का?"

तो मान खाली घालून उभा राहिला. एकट्यानं त्या गावात परत जायचं, अनोळखी माणसाच्या दारात, अंधार पडता पडता. त्याच्यानं पाय उचलेना. म्हातारीनं चुलीतलं लाकूड ओढून बाजूला केलं, भांड्यावर झाकण ठेवलं.

"थांब जरासा," ती म्हणाली. "चप्पल घालतो. मी येतो संगं."

दोन कोस अंतर होतं. म्हातारी काठी टेकत पुढं, तो मागं. त्या घरचा शेतकरी जेवत होता. म्हातारीनं आपली ओळख सांगितली नाही. "याले काही बोलाचं हाय," एवढंच म्हणाली आणि दाराशी बसली. मापाड्यानं सगळं सांगितलं. साडेचार किलोचे पैसे ताटाशेजारी ठेवले. शेतकरी संतापला, बराच वेळ बोलला, आणि ते सगळं म्हातारीनं मापाड्याच्या शेजारी बसून ऐकून घेतलं, जणू तिनंही कापूस मारला होता.

मापाडी आता काट्यावर बसत नाही. तिथं आपला अंगठा आपला राहत नाही हे त्यानं पाळकांना आणि बायकोला उघड सांगितलं आहे, आणि कुणी बोलावलं तर बायकोच नकार देते. तो यार्डात हमाली करतो. त्याच्या गावात टेम्पो आला की लोक आधी म्हातारीकडचं 20 किलोचं लोखंडी वजन आणून व्यापाऱ्याच्या काट्याला टांगतात, आणि मध्येच एखाद्या गाठोड्यानंतर पुन्हा टांगतात. आकडा 20 आला तरच पुढचं गाठोडं घरातून बाहेर येतं. एक व्यापारी यावरून भांडून निघून गेला. त्याच्या जागी दुसरा येऊ लागला. मापाड्याच्या वहीतली नऊ घरं अजून फिटायची आहेत. यंदाच्या तुरीच्या हंगामात दोन फिटतील.